दिवे तपासणारे

दिवाळीच्या अंकात मरणाची गोष्ट काढू नये, असा आपल्याकडे एक संकेत आहे. मांडीवर अंक आणि हातात चकली घेऊन बसलेल्या माणसाला सुतक कशाला सांगावे? मी आजवर हा संकेत पाळला. माझ्या कादंबऱ्यांतली माणसेसुद्धा मरतात ती पावसाळ्यात. दिवाळीत मी कुणाला मारलेले नाही. परंतु यंदा माझ्या पुतण्याने माझे डोके असे काही फिरवले आहे की, संकेत मोडल्यावाचून गत्यंतर नाही. सुज्ञ वाचकांनी, आणि विशेषतः वाचकांच्या मातोश्रींनी, क्षमा करावी.

झाले असे की, नवरात्रात हा पुतण्या आमच्याकडे आला तो एक काळा सदरा घालून. सदऱ्यावर छातीभर एक पांढरी मोटार, तिच्यावर निळे-तांबडे पट्टे, आणि खाली एक नाव : हेन्री टोइवोनेन. नावाखाली दोन साले, १९५६ आणि १९८६. मी विचारले, "हा कोण बाबा?" मी पडलो मॅट्रिक झालेला मराठी शाळेचा मास्तर. (आता त्याला दहावी म्हणतात, आमच्या घरात अजून मॅट्रिकच.) मोटारीतले मला इतकेच कळते की, एसटीत मागच्या बाकावर बसले तर पाठ मोडते. पुतण्या म्हणाला, "काका, हा रॅलीतला देव. फिनलंडचा. सगळ्यांच्या पुढे होता आणि त्याच वेळी गेला. मरण असावे तर असे!"

मरण असावे तर असे! हे वाक्य मी शोकसभांतून ऐकले आहे, कीर्तनांतून ऐकले आहे, आणि ते म्हणणारा माणूस दर वेळी जिवंत असतो, हेही पाहिले आहे. ज्याच्याविषयी ते म्हटले जाते त्याचा अभिप्राय घेण्याची सोय नसते. मी त्या दिवशी काही बोललो नाही. पण मग महिनाभर त्या देवाच्या चरित्रामागे लागलो. पुतण्याने मोबाइलवर चित्रफिती दाखवल्या, मी वही घेऊन सनावळी उतरवल्या, आणि जो जो वही भरत गेली तो तो माझी खात्री होत गेली की पुतण्याचे ते वाक्य खोटे आहे. आणि नुसते खोटे नाही; ज्यांनी चूक केली त्यांना ते फार सोयीचे आहे.

प्रथम रॅली म्हणजे काय ते सांगतो, कारण आपल्याकडे रॅली म्हटले की झेंडे आणि घोषणा आठवतात. ही रॅली निराळी. गावाबाहेरचे, डोंगरातले, जंगलातले खरेखुरे रस्ते थोडा वेळ बंद करायचे आणि त्यांवरून एकेक गाडी घड्याळ लावून सोडायची. शर्यत शेजारच्या गाडीशी नसते, वेळेशी असते. गाडीत दोघे. एक चालवतो, दुसरा मांडीवर वही ठेवून पुढचे वळण कसे आहे ते वाचून सांगतो. डावीकडे, उतार, आवळत जाणारे वळण, पुढे पूल. चालवणारा डोळ्यांनी जितके पाहतो तितकेच कानांनी. अशा दहा-वीस, कधी तीस टप्प्यांच्या वेळांची बेरीज करायची आणि ज्याची बेरीज सर्वांत कमी तो जिंकला. या खेळात फिनलंडच्या माणसांनी जे करून ठेवले आहे ते लोकसंख्येच्या हिशेबात बसत नाही. जेमतेम पंचावन्न-छपन्न लाखांचा देश! आरी वातानेन, हन्नू मिक्कोला, तिमो सालोनेन, युहा कांकुनेन, तोमी मॅकिनेन, मार्कुस ग्रोनहोम आणि अलीकडचा कले रोवनपेरा, एवढे जगज्जेते त्या एका देशाने दिले. कांकुनेन आणि तोमी मॅकिनेन हे तर चार-चार वेळा.

या यादीत हेन्री टोइवोनेन नाही. तो जगज्जेता झालाच नाही. जागतिक मालिकेतल्या त्याच्या नावावरच्या विजयांची संख्या तीन.

त्याची गोष्ट सांगायची तर ती बापापासून सांगावी लागते. बाप पाउली टोइवोनेन हाही नामांकित रॅलीवाला. १९६२ साली त्याने फिनलंडची सहस्र सरोवरांची रॅली जिंकली होती, १९६८ साली तो युरोपचा विजेता झाला. पण त्याचे नाव जगभर झाले ते १९६६ च्या जानेवारीत, माँटे कार्लोला, आणि ते होऊ नये तसे झाले. त्या वर्षी इंग्रजांच्या मिनी कूपर या चिमुकल्या गाड्यांनी पहिले तीन क्रमांक मारले. तिमो मॅकिनेन पहिला, राउनो आल्टोनेन दुसरा, पॅडी हॉपकर्क तिसरा. चौथा फोर्डच्या गाडीतला रॉजर क्लार्क. यातला आल्टोनेन आपल्याला अगदीच परका नव्हे. १९६८ च्या लंडन-सिडनी शर्यतीत तो लंडनहून गाडी हाकत आपल्या मुंबईपर्यंत आला होता आणि मुंबईच्या बंदरातून त्या साऱ्या गाड्या 'चुसान' बोटीवर चढून ऑस्ट्रेलियाला गेल्या होत्या. असो. तर माँटे कार्लोला निकाल लागला, आणि मग तपासनीस पुढे सरसावले. त्यांनी गाड्या खोलल्या, मोजल्या, पुन्हा मोजल्या. शेवटी त्यांना हवे ते सापडले. कुठे? दिव्यांत! पुढच्या दिव्यांचे बल्ब आणि झोत खाली करण्याची रीत नियमात लिहिल्याप्रमाणे नव्हती. चौघेही बाद. पाचवा आलेला माणूस पहिला ठरला. तो पाचवा म्हणजे पाउली टोइवोनेन. त्याची गाडी सित्रोएन, कंपनी फ्रेंच.

इंग्रजांनी अपिले केली, ती फेटाळली गेली. पुस्तकात आजही १९६६ पुढे पाउलीचेच नाव आहे. पण त्या माणसाची शोभा पाहा. त्याने काही चोरले नव्हते, तक्रार केली नव्हती. तरी पुढे जन्मभर 'दिव्यांमुळे जिंकलेला' हा शिक्का. त्या विजयाचा त्याला एवढा वीट आला की तो सित्रोएनसाठी पुन्हा चालवायला बसला नाही. त्या वेळी मुलगा हेन्री नऊ वर्षांचा होता.

आता कुणी म्हणेल, नियम तो नियम. दिवा चुकीचा होता तर बाद करणारच. कबूल. मी मास्तर आहे, पट्टीने समास आखून घेणारा माणूस आहे. नियमाविरुद्ध माझे काही म्हणणे नाही. माझे म्हणणे एवढेच की तपासणाऱ्याची नजर कुठे जाते आणि कुठे जात नाही, ते पाहावे.

याबाबतीत माझा स्वतःचा एक अनुभव आहे तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. काही वर्षांपूर्वी मी ज्या शाळेत होतो तिथे वार्षिक तपासणी झाली. आलेल्या गृहस्थांनी माझ्या वर्गाचे हजेरीपत्रक तासभर चाळले आणि शेरा मारला की, गैरहजर मुलांची खूण लाल शाईने करावयाची असता निळ्या शाईने केली आहे. शेरा योग्यच होता. माझी लाल लेखणी संपली होती. ज्या भिंतीला खुर्ची टेकवून ते बसले होते त्या भिंतीला वरपासून खालपर्यंत चीर गेली होती. आम्ही ती दाखवली. ते म्हणाले, "ते आमच्याकडे येत नाही." त्या पावसाळ्यात एका रात्री ती भिंत बसली. रात्र होती म्हणून वाचलो. आठवड्याच्या आत परिपत्रक आले : जुन्या खोल्यांत वर्ग भरवू नयेत. आम्ही वडाखाली वर्ग भरवला. निळ्या शाईबद्दलचा माझा खुलासा मात्र त्या वर्षअखेरपर्यंत मागितला जात होता.

म्हणून त्या दिव्यांची गोष्ट वाचताना मी हसलो नाही.

मुलगा मोठा झाला. युवास्क्युला या गावी जन्मलेला. सहस्र सरोवरांची रॅली याच गावातून निघते. म्हणजे आपल्याकडे कोल्हापुरात जन्मून तालमीचे तोंड न पाहण्यासारखेच ते, मोटारीपासून दूर राहणे. पाच वर्षांचा असताना तो गाडी चालवायला शिकला म्हणतात. आरंभी तो बंदिस्त मैदानावरच्या शर्यतीकडे गेला, आणि घरच्यांना ती रॅलीपेक्षा जास्त धोक्याची वाटे. पण १९७५ साली, नुकताच एकोणीस वर्षांचा होऊन, तो गावच्या रॅलीत उतरला. १९८० साली त्याने इंग्लंडातली आरएसी रॅली जिंकली तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता. इतक्या लहान वयात जागतिक मालिकेतली रॅली कुणी जिंकली नव्हती, आणि हा विक्रम पुढे अठ्ठावीस वर्षे टिकला. तो २००८ साली मोडला यारी-मत्ती लात्वाला याने, म्हणजे पुन्हा फिनलंडच्याच पोराने.

मधली वर्षे मी झरझर सांगतो. टाल्बट, ओपेल, पोर्श, मग इटलीची लांचिया. पुष्कळ वेग, पुष्कळ मोडतोड. हेही लपवून ठेवत नाही की तो वारंवार रस्त्याबाहेर गेला, बिघडलेल्या गाड्यांचा खच पाडला. आणि १९८५ च्या आरंभी सार्डिनियात भिंतीवर आदळून मानेचे मणके मोडून घेतले, महिनोन् महिने बसून राहिला. त्याच वर्षाच्या शेवटी लांचियाने नवी गाडी आणली, डेल्टा एस-४. पुतण्याच्या सदऱ्यावरची ती हीच. ती गाडी घेऊन पहिल्याच रॅलीत, पुन्हा इंग्लंडातच, तो पहिला आला. आणि १९८६ च्या जानेवारीत माँटे कार्लो. बापाच्या त्या विजयाला वीस वर्षे झाली होती. वाटेत, शर्यतीचा टप्पा नसलेल्या रस्त्यावर, एक परकी गाडी येऊन धडकली, डेल्टाचा सांगाडा वाकला. कारागिरांनी तो कसाबसा सरळ केला, आणि हेन्रीने मागच्या सालोनेनला चार मिनिटांनी मागे टाकून रॅली जिंकली. या वेळी दिव्यांना कुणी हात लावला नाही. मला वाटते, त्या घरात त्या रात्री जे झाले असेल ते वर्णन करायला कादंबरीकार नको. ज्याच्या बापावर कधी खोटा शिक्का बसला असेल त्याला ते आपोआप कळेल.

यानंतर तो तीन महिन्यांहून थोडा अधिक जगला.

आता त्या गाडीकडे वळू. १९८२ साली मोटारशर्यतींच्या आंतरराष्ट्रीय मंडळाने 'गट ब' नावाचा एक प्रकार काढला. अट अशी की, कारखान्याने वर्षात दोनशे गाड्या बनवून दाखवाव्यात. मग त्या जातीची गाडी रॅलीत आणता येईल. पूर्वी चारशे लागत. दोनशे गाड्या म्हणजे रस्त्यावर विकायची वस्तूच नव्हे. शर्यतीसाठी घडवलेले हत्यार. त्यात पळवाटांचे गणित होते, आणि गणित माझा विषय असल्याने मी ते मुद्दाम करून पाहिले. टर्बो किंवा तत्सम फुंकणी असलेल्या इंजिनाचे आकारमान १.४ ने गुणायचे आणि येईल त्या अंकावरून गाडीचे किमान वजन ठरायचे. लांचियाने इंजिन केले १७५९ घन सेंटिमीटरचे. गुणा १.४ ने : २४६२ आणि वर थोडे. म्हणजे अडीच हजारांच्या आत. म्हणजे गाडी अवघ्या ८९० किलोंची चालेल! नियम तंतोतंत पाळला. मात्र त्या इंजिनाला एक सोडून दोन फुंकण्या जोडल्या आणि त्यातून साडेचारशेच्या वर, पाचशेच्या घरात घोड्यांची शक्ती काढली. आपल्याकडे सुरुवातीला आलेल्या मारुती ८०० ला चाळीस घोडेसुद्धा नव्हते. एवढी शक्ती किती असावी याला नियमात वरची मर्यादा नव्हती. अंगावरचा पत्रा पत्रा नव्हताच. वजन वाचवण्यासाठी धाग्यांनी बळकट केलेले प्लॅस्टिक. पेट्रोलच्या टाक्या बसणाऱ्यांच्या आसनांखाली. कॉर्सिकाची रॅली डांबरी रस्त्यावरची म्हणून तिथे टाकीखालचे संरक्षक कवचही नव्हते. हे सारे नियमात बसत होते. म्हणजे बल्ब चुकला असता तर गाडी बाद झाली असती. माणूस पेट्रोलवर बसला होता, त्याची नोंद करायला रकाना नव्हता.

माझ्यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. १९६६ चे तपासनीस निराळे, १९८२ चे नियमकर्ते निराळे. तुम्ही एकाचे खापर दुसऱ्याच्या डोक्यावर का फोडता? माणसे निराळी, हे मलाही माहीत आहे. माझ्या वर्गात निळी शाई पाहणारे गृहस्थ तर त्यांतले कोणीच नव्हते. परंतु देवीचे रोगी निराळे असले तरी रोग एकच असतो. जे मोजायला सोपे ते मोजायचे आणि जे मोजायला अवघड ते आपल्याकडे येत नाही म्हणायचे, हा तो रोग.

आणि इशारा मिळाला नव्हता असे कुणी म्हणू नये. २ मे १९८५ रोजी याच कॉर्सिकात, याच लांचिया कंपनीच्या आधीच्या गाडीत, आत्तिलिओ बेत्तेगा झाडावर आदळून मेला. १९८६ च्या मार्चात पोर्तुगालमध्ये रस्त्यावर इतकी गर्दी उसळली होती की लोक येणाऱ्या गाडीला हात लावू पाहत. तिथे जोआकिम सांतोसची फोर्ड गर्दीत घुसली, तीन प्रेक्षक ठार झाले, तिसावर जखमी झाले. तेव्हा कंपन्यांचे बिनीचे सारे चालक एका हॉटेलात जमले आणि त्यांनी लेखी कळवले की आम्ही पुढे चालवत नाही. त्यांत हेन्री होता. 'मरणाला न भिणारा देव' हे चित्र ज्यांना आवडते त्यांनी हे पान उघडून वाचावे. तो भीत होता, आणि भ्यावे असे जे होते त्याला भीत होता, आणि तसे त्याने उघड सांगितले. याउपर शहाण्या माणसाने काय करावे? पण दोन महिन्यांनी कॉर्सिका आली. गाड्या त्याच, घोडे तेवढेच.

कॉर्सिकाच्या रॅलीला दहा हजार वळणांची रॅली म्हणतात. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, कठडा असला तर असला. हेन्रीला ज्वर होता, घसा धरला होता, औषध चालू होते. तरी तो पहिला होता. या गाड्या या रस्त्यावर फार होतात, काही तास चालवले की मेंदू वेगाच्या मागे पडतो, या अर्थाचे तो मुलाखतीत बोलला होता. २ मे. बेत्तेगाला जाऊन बरोबर एक वर्ष. अठरावा टप्पा, कोर्ते गावाहून निघालेला. सातव्या किलोमीटरला एक डावे वळण, कठडा नाही. गाडी सरळ दरीत गेली, उलटी पडली, झाडांनी टाकी फोडली, आग लागली. जवळ पाहणारा कुणी नव्हता. मदत पोचली तेव्हा गाडीचा काळा सांगाडा तेवढा राहिला होता. का गेली, हे त्या सांगाड्यावरून कुणाला सांगता आले नाही, आजही सांगता येत नाही. तो एकोणतीस वर्षांचा होता. घरी बायको आणि दोन लहान मुले.

यावर आपल्या भाविक मंडळींनी काय शोधून काढले? तर दोन्ही गाड्यांचा क्रमांक ४ होता! बेत्तेगाचा ४, हेन्रीचा ४. तारीख दोघांची २ मे. पुतण्याने हे मला असे सांगितले जणू विश्वाचे कोडे सुटले. याच अंकात पुढे कुठेतरी वार्षिक राशिभविष्य असेल, संपादक माझ्यावर रागावतील. तरीही सांगतो की चार या आकड्याने कधी कुणाला मारलेले नाही. त्या दोन तारखांमधून शिकायचे ते एवढेच की मध्ये तीनशे पासष्ट दिवस मिळाले होते. ते कुणी वापरले नाहीत. नियती म्हटले की हा हिशेब मागायची गरज उरत नाही, म्हणून नियती इतकी लाडकी.

दुसरे म्हणतात, तो होताच धाडसी, कधीतरी जायचाच. त्याने पुष्कळ गाड्या मोडल्या हे मी वर सांगितलेच आहे. पण गाडी मोडणे निराळे आणि जळून जाणे निराळे. १९८५ मध्ये तो भिंतीवर आदळला तेव्हा मणके मोडले, माणूस परत आला. चूक करणाऱ्याला ती चूक सांगायला परत येता यावे एवढी तजवीज खेळाच्या मालकांनी ठेवायची असते. मुलगा झाडावरून पडणारच. पण झाडाखाली विहीर उघडी ठेवली असेल तर मुलाच्या व्रात्यपणावर व्याख्यान देणाऱ्याला मी काय म्हणावे?

तिसरे म्हणतात, ते सुवर्णयुग होते! हेन्रीने पोर्तुगालच्या एस्तोरील मैदानावर त्या डेल्टाने अशी फेरी मारली की तो फॉर्म्युला वनच्या गाड्यांतही सहावा आला असता, ही कथा तर मी चार ठिकाणी चार प्रकारे वाचली. त्या वेळेची अधिकृत नोंद कुणी पुढे ठेवत नाही. प्रत्येक सांगणारा मागच्या सांगणाऱ्याचा हवाला देतो. आमच्या गावच्या पैलवानाने वाघाशी कुस्ती केल्याची गोष्ट अशीच फिरते. मला राग याचा येतो की या माणसाला अशा दंतकथेची गरजच नाही. ज्वरात, दहा हजार वळणांवर, जगातल्या उत्तम चालकांच्या पुढे असणे ही साधी खरी गोष्ट काय कमी आहे?

आणि सुवर्णयुग बुडाले म्हणून खेळ बुडाला का? अपघात होताच मंडळाचे अध्यक्ष झां-मारी बालेस्त्र यांनी जाहीर केले की 'गट ब' १९८७ पासून बंद. बैल गेला अन् झोपा केला! आणि झोपा तरी कसा? ज्या गाड्या १९८७ साली चालवण्याजोग्या नव्हत्या, त्या १९८६ च्या मे महिन्यापासून वर्षअखेरपर्यंत चालवण्याजोग्या होत्या. त्यांच्यावरच उरलेल्या साऱ्या रॅल्या झाल्या आणि त्यांच्यावरच कांकुनेन जगज्जेता झाला. पुढच्या वर्षी पाच हजार बनवाव्या लागणाऱ्या साध्यासुध्या गाड्या आल्या, शक्ती निम्म्याच्या आसपास. आणि काय आश्चर्य, कांकुनेनच पुन्हा पहिला! लोक रस्त्याकाठी उभे राहायचे ते राहिलेच. धोका पुरता गेला असे मी म्हणत नाही. २००५ साली वेल्समध्ये मायकेल पार्क हा वही वाचणारा गडी गेला, २०२३ साली क्रोएशियात सराव करताना क्रेग ब्रीन गेला. पण कले रोवनपेरा, हाही युवास्क्युलाचाच, वयाच्या बाविसाव्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी जगज्जेता झाला आणि जिवंत घरी गेला. मला विचाराल तर हे सुवर्णयुग बरे.

हेन्रीच्या स्मरणार्थ १९८८ पासून 'विजेत्यांची शर्यत' सुरू झाली; मिशेल मूतों ही त्याच्याच काळातली नामांकित फ्रेंच चालक तिच्या संस्थापकांपैकी एक. विजेत्याला जो चषक मिळतो त्याला हेन्रीचे नाव आहे. कॉर्सिकातल्या त्या वळणावर संगमरवरी स्मृतिशिला आहे, लोक फुले ठेवतात. बाप पाउली मुलाच्या मागे एकोणीस वर्षे जगला; २००५ साली गेला. कुणी त्याला विचारले असते का, की काय हो, मरण असावे तर असेच ना?

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी मी हे सारे पुतण्याला वाचून दाखवले. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "काका, मग हा सदरा टाकून देऊ?"

मी म्हटले, "टाकू नकोस. पण मला सांग, गाडीत दुसरा कोण होता?"

त्याला सांगता आले नाही. मी या लेखात मुद्दामच अजून ते नाव घेतलेले नाही, आणि किती वाचकांनी विचारले असेल याची मला शंका आहे. सर्जिओ क्रेस्टो. मांडीवर वही घेऊन पुढची वळणे वाचून सांगणारा. त्याच दरीत, त्याच क्षणी, तोही गेला.

पुतण्याने कपड्यावर लिहायचा पांढरा रंग आणला आहे. नाव सदऱ्याच्या पाठीवर घालायचे ठरले आहे. क्रेस्टोतला 'क्रे' नीट यावा म्हणून मी तो पाटीवर मोठा काढून दिला आहे.